माकडटोपीची लोकर

डॉक्टरांनी यजमानांना बजावलं होतं, की यापुढे लूम्सच्या खात्यात, म्हणजे मागांच्या कारखान्यात, पाऊल टाकायचं नाही, छातीत रुई बसली आहे. सांगायला काय जातं! नव्वद-पंच्याण्णवच्या सुमाराला सुरतेत लिंबायतमधल्या आमच्या गल्लीत खात्याशिवाय दुसरं होतं काय? खाटेवर बसून ते खोकायचे आणि भिंतीपलीकडची खटखट ऐकून कुठलं मशीन बंद पडलं ते मला सांगायचे.

गल्लीच्या तोंडाशी एक सुरती काका राहायचे, जन्मभर बोटीवर नोकरी केलेले. त्यांनी एकदा मासे धरायची जिग आणून दाखवली. गळाच्या डोक्याला शिशाचा मणी, खाली दांडीवर गुंडाळलेली केसाळ लव. पाण्यात ती लव हलते आणि माशाला किडा वाटतो. अशा जिग बांधून दिल्या तर डुमसच्या समुद्राकडचे हौशी लोक घेतील, घरबसल्या काम होईल, असं काका म्हणाले. फक्त आधी तिला मासा लागतो हे दाखवायला हवं. यजमानांनी लगेच ठरवून टाकलं. रविवारी तापीवर मासा लागला तर घरी राहणार, नाहीतर सोमवारी खात्यावर. मी तापीलाच नवस बोलले. खानदेशातल्या आमच्या गावावरूनच वाहत येते ती.

दोऱ्याला मेण लावायचं, चिमूटभर लव त्यावर हलकेच वळायची आणि तो दोरा गळावर गुंडाळायचा. काका याला डबिंग म्हणत. बोटीवर ते सशाची लव वापरायचे. आम्ही ससा कुठून आणणार? खात्यातली रुई मी उंबऱ्याच्या आत येऊ देणार नव्हते, तिनंच तर घात केला होता. मी घरी साड्यांची धागा-कटिंग करायचे, लोंबते धागे कापून द्यायचे, म्हणून आधी ती कातरण घेतली. पॉलिस्टर मेणावर टिकेना, आणि विस्कोस बादलीत बुडवलं की त्याचा चोथा व्हायचा. शेवटी पोराची गावाहून आलेली माकडटोपी उसवली. सुरतेत तिचं काय काम! तिची लोकर बारीक कातरून मी बोटांनी पिंजली. ती मात्र दोऱ्याला छान धरून बसली.

आता अडलं ते यजमानांच्या हातांशी. उभा जन्म सूत सांभाळण्यात गेलेला. कापडावर जरा फुसका, सुटा धागा दिसला की शेठ ताका परत करायचा. त्यामुळे लोकर दोऱ्यावर ठेवली की त्यांची बोटं तिला करकचून पीळ द्यायची. जिग व्हायची ती बुटाच्या नाडीसारखी गुळगुळीत. काका हसून सांगायचे, ढिलं ठेव, केस सुटे राहू दे. हे मान डोलवायचे आणि पुढची आणखी घट्ट करायचे. मला हसू यायचं, मग राग यायचा.

शनिवारी दुपारी ते झोपले तेव्हा मी सुईनं एका जिगची लोकर उकरून मोकळी केली आणि बादलीत सोडली. काय सुरेख हलत होती! जीव असल्यासारखी. संध्याकाळी त्यांनाही दाखवली. बरी दिसते, म्हणाले. मला वाटलं, सुटलो.

रविवारी सकाळी मीही काठावर गेले. काकांनी दोरीला तीच जिग बांधून यांच्या हातात दिली. पाण्यात टाकण्याआधी यांनी अंगठा आणि बोट थुंकीनं ओलं केलं आणि लोकर पिळून सपाट केली. राहिलेले केस दातांनी तोडले.

"अहो, ऱ्हाऊ द्या ना ते," मी म्हटलं.

त्यांनी आधी जिगकडे पाहिलं, मग स्वतःच्या बोटांकडे. "मना हातच आयकत नही," ते म्हणाले. "सुटेल धागा माले देखवत नही."

काकांनी दुसरीकडे तोंड फिरवलं. मासा लागला नाही. ऊन चढेपर्यंत आम्ही बसलो, मग त्यांना खोकल्याची उबळ आली आणि आम्ही घरी आलो.

सोमवारी मी त्यांचा डबा भरला. काय करणार होते? जाऊ नका म्हणायला माझ्याकडे आता काही उरलं नव्हतं. चपला घालायला ते दारात वाकले, तेव्हा त्यांच्या बाहीला एक धागा लोंबताना दिसला. मी पुढे झाले आणि तो दातांनी तोडला.