कॅमेरावाल्या मावशींचं हळदीकुंकू

कॅमेरावाल्या मावशी चिडल्या की त्यांचा आवाज गोड होई. एरवी त्या चारचौघींसारख्याच, दूधवाल्याशी हुज्जत घालणाऱ्या आणि पाणी आलं नाही की गच्चीवर जाऊन टाकीत डोकावणाऱ्या. पण समोरचा आपल्याला बनवतोय असा संशय आला की स्वर एकदम खाली यायचा आणि प्रत्येक वाक्याच्या शेपटाला 'हो' लागायचा. "आपलं नाव काय म्हणालात हो?" हा पहिला प्रश्न. सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये झालेली, त्यामुळे शिव्या ऐकत ऐकत माणसाला वठणीवर आणायची कला त्यांच्या हाडीमाशी भिनली होती. त्या गोड बोलू लागल्या की त्यांचे यजमान, म्हणजे आमचे काका, गुपचूप चपला घालून खाली फेरी मारायला जात.

नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं. लग्न होऊन मी मीरा रोडला आले, तेव्हा खिडकीतून मिठागरं दिसायची आणि नळाला पाणी आलं की जिन्यात आरडाओरडा व्हायचा. मावशी आमच्याच मजल्यावर, समोरच्या दारात राहत. निवृत्त झाल्यावर बायका पाटल्या करतात, काशीला जातात. मावशींनी व्हिडिओ कॅमेरा घेतला. खांद्यावर ठेवायचा, धोंड्यासारखा जड, आणि घरच्या व्हीसीआरची मोठी कॅसेट त्यातच बसायची. नातेवाइकांनी यथेच्छ नावं ठेवली. मावशींनी सगळ्यांना एकच उत्तर दिलं, "जन्मभर लोकांचे नुसते आवाज ऐकले. तोंड एकाचं दिसलं नाही. आता बघून घेते."

आणि त्यांनी खरंच बघून घेतलं. उत्तनला वाळत घातलेले बोंबील झाले, मिठाचे ढीग झाले, घोडबंदरच्या किल्ल्यावर उगाचच हात मागे बांधून फिरणारे काका झाले. सोसायटीची सभासुद्धा सोडली नाही. त्या दिवशी सेक्रेटरी इतके अदबीने बोलले की पुढच्या प्रत्येक सभेला कॅमेरा असावा असा ठराव मी मांडणार होते. कॅमेऱ्याला मावशींनी जुन्या पिवळ्या साडीची पिशवी शिवली होती, हिरव्या काठाची. बॅटरीची बॅग काकांच्या खांद्यावर असे आणि ते त्याबद्दल कुरकुरत, पण दुसऱ्या कुणाला ती उचलू देत नसत.

पेणकरपाड्याच्या यमुनाबाई आमच्या बिल्डिंगमध्ये सुकी मासळी घेऊन येत. एकदा जिन्यात टोपली टेकवून त्या स्वतःशीच गुणगुणत बसल्या होत्या. मावशींनी विचारलं तेव्हा कळलं की या बाई धवलारीण आहेत. आगऱ्यांच्या लग्नात विधी चालू असताना धवला गायचा तो यांनीच. पाड्यातली कितीतरी लग्नं यांच्या आवाजात लागलेली. "लिवलेला काय न्हाय गो," त्या गळ्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "सगला हितंच हाय." नव्या पोरींना बँड हवा असतो, शिकायला कुणी येत नाही, हेही त्यांनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मावशी कॅमेरा घेऊन त्यांच्या अंगणात हजर. यमुनाबाईंनी हळदीपासून पाठवणीपर्यंत सगळा धवला म्हटला. मीही होते. ऊन उतरलं तरी कुणी जागचं हललं नाही.

घरी येऊन मावशींनी कॅसेट काढायचं बटण दाबलं, तर कॅसेट बाहेर येईना. आत काहीतरी घरघरलं आणि यंत्र गप्प झालं. वॉरंटी होती म्हणून त्यांनी ते स्वतः उघडलं नाही, कंपनीच्या अंधेरीच्या सर्व्हिस सेंटरला नेऊन दिलं. आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत यमुनाबाईंना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली. नातीचं लग्न फाल्गुनात ठरलेलं. पाड्यात सगळा धवला येणारं दुसरं कुणी नव्हतं. तो आता फक्त त्या अडकलेल्या कॅसेटमध्ये होता.

मग सर्व्हिस सेंटरचा खेळ सुरू झाला. आधी पार्ट यायचा होता. मग पार्ट आला, पण चुकीचा आला. मग इंजिनिअर बंगलोरच्या टूरवर गेला. शेवटी समजलं की कॅमेराच सिंगापूरला पाठवलाय. फोन लावला की कुणीतरी "होल्ड कीजिए" म्हणायचं आणि रिसीव्हर टेबलावर ठेवून निघून जायचं. एक्स्चेंजमध्ये केस पिकलेल्या बाईशी हे वागणं! माझा तिळपापड व्हायचा. इतके पैसे मोजून वस्तू घ्यायची आणि घेताना चहा पाजणारी माणसं नंतर ओळखसुद्धा दाखवत नाहीत. दिवाळीनंतर आम्ही दोघी मॅनेजरला भेटायला गेलो. तो मोठ्या उदारपणे म्हणाला, "मॅडम, कॅसेटची वॉरंटी नसते. तरी मी तुम्हाला नवी कोरी देतो ना. इम्पोर्टेड."

"किती चांगले आहात हो तुम्ही," मावशी म्हणाल्या. "पण कोरीत यमुनाबाई नाहीत ना हो."

बाहेर पडल्यावर मला रडूच आलं. मावशी मात्र शोरूमच्या काचेतून आत बघत उभ्या होत्या. पुढे शोरूम, मागे सर्व्हिस सेंटर, मध्ये ऐसपैस जागा, बसायला सोफे. "नंदा," त्या म्हणाल्या, "यंदा संक्रांतीचं हळदीकुंकू घरात नको करूया. घर फार लहान पडतं गं."

आमच्या बिल्डिंगमध्ये ही बातमी कशी पसरली हे मी सांगत बसत नाही. पेणकरपाड्याहून यमुनाबाईंच्या नातवाने टेम्पो आणला, खाली सतरंज्या अंथरल्या. जरीच्या साड्या, गजरे, हलव्याचे दागिने घातलेली खालच्या मजल्यावरच्या हंसाबेनची तान्ही नात, तिळगुळाचे डबे, वाण म्हणून लुटायच्या चहाच्या गाळण्या आणि गुलाबदाणी. काका पुढे ड्रायव्हरशेजारी बसले होते आणि पुन्हा पुन्हा म्हणत होते, "मी तुमच्याबरोबर नाही हां."

शनिवारची संध्याकाळ, शोरूममध्ये गर्दी. आम्ही आत शिरलो, सोफ्यांवर आणि टेम्पोतून आणलेल्या सतरंज्यांवर बसलो आणि हळदीकुंकू सुरू केलं. मॅनेजर केबिनमधून धावत आला. "मॅडम, ये सब क्या है?"

"संक्रांत हो. तिळगूळ घ्या, गोड बोला."

"लेकिन इधर..."

"अरे भाई, ना मत बोलो, त्योहार है," म्हणत हंसाबेनने त्याच्या हातावर लाडू ठेवलासुद्धा. सवाष्णींना हाताला धरून बाहेर काढायची हिंमत कुठला वॉचमन करणार? तो बिचारा अत्तर लावून घेऊन दारात उभा राहिला. गिऱ्हाइकं कौतुकाने विचारत होती, कंपनीचा कार्यक्रम आहे का? मावशी प्रत्येकावर गुलाबपाणी शिंपडत सांगत होत्या, "नाही हो. माझा कॅमेरा इथे आजारी आहे, त्याला बघायला आलोय. तुम्ही कुठला घेताय?" एका जोडप्याने हातातलं खोकं हळूच काउंटरवर परत ठेवलं.

तरी खरी गंमत पुढेच झाली, आणि ती आम्ही ठरवलेली नव्हती. समोरच्या सगळ्या बायकांना, काउंटरवरच्या मुलींनासुद्धा, कुंकू लावून झालं. निघण्यापूर्वी मावशींनी रिवाजाप्रमाणे विचारलं, "कुणी राहिली नाही ना? आत आहे का कुणी?" काउंटरवरची मुलगी सरळपणे म्हणाली, "आत स्टोअरमध्ये शिंदेबाई आहेत." झालं! एक सवाष्ण कुंकवावाचून ठेवून आम्ही कशा जाणार? 'प्रवेश नाही' लिहिलेल्या दारातून करंडा घेऊन आम्ही सगळ्या आत. मॅनेजर मागून "उधर नहीं, उधर नहीं" करत राहिला.

शिंदेबाई लाजल्या, पदर डोक्यावर घेतला, कुंकू लावून घेतलं. मावशी त्यांच्या हाताला अत्तर लावत होत्या आणि मी सहज वर पाहिलं. फळीवर पिवळ्या साडीची पिशवी होती, हिरव्या काठाची.

"हा कॅमेरा सिंगापूरहून कधी आला हो?" मावशींनी विचारलं.

"सिंगापूर?" शिंदेबाई गोंधळल्या. "आल्यापासून इथेच आहे की हा. कोणी हातच नाही लावला."

मावशी मॅनेजरकडे वळल्या आणि इतकं गोड हसल्या की माझ्याच अंगावर काटा आला. "आम्ही बसतो हो," त्या म्हणाल्या. "गाणीसुद्धा येतात आम्हाला." बंगलोरच्या टूरवरचा इंजिनिअर समोरच्या टपरीवर चहा पीत होता, त्याला हाक मारून आणलं. त्याने सर्वांसमोर कॅमेरा उघडला. एक रबराचा पट्टा निसटून टेप त्यात गुंतली होती. चिमट्याने, फुंकर मारत, घाम पुसत त्याने ती सोडवली. एका ठिकाणी चुरगळली होती, बाकी धड होती. मावशींनी कॅसेट ओच्यात घेतली, इंजिनिअरला गाळणी दिली आणि आम्ही टेम्पोत चढलो. घोडबंदरच्या फाट्यापर्यंत आमचा आरडाओरडा चालला होता आणि त्यात सर्वांत मोठा आवाज काकांचा होता.

फाल्गुनात लग्न लागलं. मांडवात टेबलावर टीव्ही मांडला होता. नवरीबरोबर कुणीतरी त्यालाही हळदीचं बोट लावलं. खुर्चीत यमुनाबाई बसल्या होत्या आणि पडद्यावरही यमुनाबाईच गात होत्या, खणखणीत. बँडवाले बाहेर गप्प बसले होते. चुरगळलेल्या जागी पडद्यावर रेघा आल्या आणि आवाज गेला. सारा मांडव टीव्हीकडे बघत राहिला. तेवढ्यात यमुनाबाईंनी डावा हात उचलून ठेका धरला आणि नवरीच्या आत्याने ती ओळ उचलली. तिच्यामागून दुसरीने, मग मागच्या बायकांनी. आपल्याला येत नाही असं त्याच आजवर सांगत होत्या, पण लहानपणापासून ऐकलेलं त्यांच्यात कुठेतरी होतंच. पुढे टीव्हीचा आवाज परत आला, तोवर सगळा मांडव गात होता.

रिवाजाप्रमाणे नवरीच्या बापाने धवलारणीचा मान म्हणून हिरवं लुगडं आणि नारळ यमुनाबाईंच्या मांडीवर ठेवला. त्यांनी डाव्या हाताने तो मान नातीकडे सरकवला आणि मावशींकडे बोट केलं. मावशी मागे सरल्या, "नको हो, तुमचा मान आहे," म्हणू लागल्या. यमुनाबाईंनी खुर्चीच्या हातावर जोरात थाप मारली. मग मावशींनी मुकाट्याने पदर पसरला.

पुढे काही वर्षांनी मावशी गेल्या तेव्हा काकांनी कपाटातून तेच लुगडं काढून दिलं. आमच्या बिल्डिंगमध्ये आगरी पद्धतीने लुगडं नेसवता येणारी एकही बाई नव्हती. आम्ही निरोप धाडला नव्हता, तरी पेणकरपाड्याहून टेम्पो भरून बायका आल्या आणि त्यांनी मावशींना नेसवलं.