वगळलेली चाचणी

दृष्टिविज्ञानात पीएच.डी. करायचं मी ठरवलं तेव्हा माझी चाळिशी उलटली होती. सोलापुरातल्या एका महाविद्यालयात मी ऑप्टोमेट्री, म्हणजे नजर तपासण्याचं शास्त्र, शिकवत होतो, आणि माझ्याहून लहान सहकारी नावापुढे ‘डॉक्टर’ लावू लागले होते. माझा विषय काचबिंदू. या आजारात नजरेचं क्षेत्र कडेकडून झिजत जातं, पण समोरचं नीट दिसत असल्यामुळे माणसाला ते कळत नाही. रुग्ण मला सहज मिळाले. अडलं ते निरोगी माणसांपाशी. तुलनेसाठी ठणठणीत डोळ्यांची, पन्नाशीच्या आसपासची माणसं हवी होती, आणि ठणठणीत माणूस यंत्रात डोकं घालून अर्धा तास अंधाऱ्या खोलीत बसायला कशाला येईल?

ती माणसं अक्काने आणली. अक्का, माझी थोरली बहीण, मंद्रूपला दिलेली. एसटीने दर खेपेला चार-पाच बायका घेऊन ती यायची. त्यांत आमच्या दोन चुलत बहिणीही होत्या. बाहेरच्या बाकावर तिचा आवाज चाले. मला ती तम्मा म्हणे, कानडीत धाकटा भाऊ.

“आमच्या तम्माला डॉक्टर करायचं हाय. दिवा चमकला की बटण दाबायचं, एवढं बी जमंना व्हय?”

“आन् चुकलं तर?”

“चुकलीस तर टीव्हीचा रिमोट आजपासनं सुनेकडं.”

सगळ्यांच्या शेवटी ती स्वतः बसली. मधल्या ठिपक्यावरून नजर हलवायची नसते; तिची सारखी हलत होती, आणि यंत्र त्याची नोंद घेत होतं. डाव्या डोळ्याच्या आलेखात नाकाच्या बाजूला वर एक काळा डाग उमटला.

“अक्का, ठिपक्याकडं बघ म्हटलं होतं ना? तुझं सगळं लक्ष बाहेरच्या बायकांत.”

ती ओशाळून हसली. “उद्या परत येते की.”

दुसऱ्या दिवशी ती एकटीच आली. नजर पुष्कळ स्थिर होती. चाचणी ग्राह्य धरायला जितक्या चुका चालतात, त्यापेक्षा जेमतेम दोन जास्त होत्या. डाग मात्र त्याच जागी होता. लक्ष नसलेल्या माणसाचा डाग दर वेळी जागा बदलतो, हे मीच विद्यार्थ्यांना शिकवत असे.

काचबिंदूत डोळ्यांतला दाब बहुधा वाढतो, नेहमीच नाही; तिचा नॉर्मल होता. मी त्याचा आधार घेतला. काचबिंदू रक्ताच्या नात्यातून येतो; अक्का रुग्ण ठरली असती तर चुलत बहिणींनाही निरोगी गटातून काढावं लागलं असतं, मार्गदर्शकांनी उरलेल्या बायकांबद्दलही विचारलं असतं, आणि प्रबंध वर्षभर मागे पडला असता. नेत्रतज्ज्ञांच्या नावाची एक चिठ्ठी लिहायची होती. ती न लिहिता दोन्ही कागदांवर मी ‘अविश्वासार्ह’ असा शेरा मारला आणि अक्काला म्हणालो, “तुला जमलं नाही. असू दे.”

त्याच आठवड्यात, जेवणाच्या सुट्टीत, खोलीला कडी लावून मी माझ्या स्वतःच्या डोळ्यांची चाचणी केली. ती स्वच्छ आली. आपल्याला काही कळलंच नव्हतं, असं म्हणण्याची सोय त्या अर्ध्या तासाने माझ्यापासून कायमची काढून घेतली.

पदवी मिळाली तेव्हा अक्काने प्रबंध मांडीवर घेऊन पानं उलटली. “यात मी कुठं हाय रे?” मी आभाराचं पान दाखवलं. गावात ती कौतुकाने सांगत राहिली, “मी नापास झाले, पर माझ्या बायका सगळ्या पास.”

गेल्या वर्षी बाजारात डाव्या बाजूला उभी असलेली मोटारसायकल तिला दिसली नाही. ती पडली, मनगट मोडलं, आणि मग डोळे तपासले गेले. डावा जवळजवळ गेलेला, उजवा निम्मा. गेलेलं परत येत नाही. तपासणारे डॉक्टर माझ्या ओळखीचे. ते म्हणाले, “सर, घरात तुम्ही असताना इतका उशीर?”

मी म्हणालो, “गावाकडची माणसं. ऐकतात कुठं!” अक्का शेजारीच बसली होती. तिने अपराध्यासारखी मान खाली घातली.

तेव्हापासून ती शहराच्या जुळे सोलापूर भागात आमच्याकडे आहे. रोज संध्याकाळी मी तिच्या डोळ्यांत थेंब घालत असे. गेल्या महिन्यात एका संध्याकाळी, थेंबांच्या आधी, ते दोन कागद तिच्या हातात ठेवले आणि डागापासून माझ्या स्वतःच्या चाचणीपर्यंत सगळं सांगितलं. ती रडेल, शिव्या देईल, याची मनाशी तयारी केली होती. तिने कागदांवरून बोटं फिरवली.

“म्हंजे मी नापास नव्हते म्हण की.”

“नव्हतीस, अक्का.”

“आन् मी गावभर सांगत फिरले.” तिने कागद माझ्या हातात परत दिले आणि म्हणाली, “आजपासनं थेंब तू नगं घालू. तुझ्या बायकोला सांग.”

आता माझी पत्नी थेंब घालते. बाटली उघडल्यापासून महिना झाला की ती टाकून द्यावी लागते. उघडल्याची तारीख मी बाटलीवर लिहितो, रोज तपासतो, आणि दारातूनच पत्नीच्या हातात देतो.