पातूरच्या भट्टीत गेलेल्या चार फळ्या

पातूरची लेणी बघायची हे माझ्या मनात कधीचं होतं, पण बॅग भरली गेली ती शबानाच्या फोनमुळे. शबाना माझी अमरावतीच्या शाळेतली विद्यार्थिनी. वर्गात बोलण्यात पहिली, गणितात शेवटून पहिली. आता पातूरला तिच्या सासऱ्यांची, म्हणजे अब्बांची, बेकरी आहे.

"मॅडम, बुधवारी याच. अब्बांच्या डोयाचं ऑपरेशन झालं, पट्टी हाय. भट्टी पयल्यांदा माह्या हाती देऊन राह्यले." मग आवाज खाली आला. "जमलं तं चालू ठेवू म्हणतात. नाई तं जागा भाड्यानं देतात मोबाइलवाल्याले."

अशा वेळी मास्तरीण घरी बसत नाही.

अमरावतीहून अकोल्याची सकाळची एसटी पकडा. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे बसभर बायका आणि कंडक्टर बिचारा अल्पसंख्य. मूर्तिजापूरला आलूबोंडा खा, तळलेली मिरची मात्र मागून घ्यावी लागते. अकोल्याला पातूरची गाडी लगेच मिळाली. अकोल्याच्या उन्हाबद्दल मी काही बोलत नाही, ज्याने सोसलंय त्याला माहीत आहे.

बेकरी म्हणजे एक लांबट खोली, टोकाला विटांची भट्टी, कोपऱ्यात बाभळीची लाकडं. इथला कडक पाव साच्यात लावत नाहीत. गोळे लाकडी फळ्यांवर मैदा भुरभुरून फुगायला ठेवतात आणि मग एकेक उचलून, लांब दांड्याच्या फावड्यावर घेऊन, थेट तापलेल्या विटांवर सरकवतात. दुपारी तीनला स्टँडवरचे चहावाले पाव न्यायला येतात. पातुरात संध्याकाळचा चहा या पावाशिवाय होत नाही म्हणे.

शबाना घामाघूम होऊन मैदा मळत होती. माझे हात रिकामे. आणि भिंतीला टेकलेल्या त्या फळ्या इतक्या काळ्या, की वर्ग झाडून घेतल्याशिवाय खडू हाती न धरलेल्या बाईला ते बघवेना. चार फळ्या मागच्या नळावर नेल्या, काथ्याने खसाखसा घासल्या, उन्हात वाळवल्या. वरून कोरड्या झाल्याशा पाहून मीच त्यांवर मैदा भुरभुरला आणि आणून जागेवर मांडल्या. शबानाने घाईघाईत गोळे ठेवले. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

तासाभराने गोळे टम्म फुगले. शबानाने पहिल्याला हात घातला, तो निघेना. जरा ओढला तर फुस्सकन बसला.

"काहून चिकटून राह्यले हे?" तिने फळीला बोट लावून पाहिलं. "मॅडम, फळ्या वल्या हायत!"

"मी धुतल्या गं," मी म्हणाले.

"धुतल्या?"

त्या फळ्यांना कधीच पाणी लावत नाहीत. नुसत्या खरवडतात. जुनं लाकूड पाणी पिऊन वरून कोरडं दिसतं, हे मला साठी उलटल्यावर कळत होतं, तेही दुसऱ्याच्या भट्टीवर. बाहेर चहावाल्यांच्या सायकली लागायला लागल्या होत्या. आतल्या खोलीत डोळ्याला पट्टी बांधून सासरे कान देऊन बसले होते. मला अक्षरशः रडू आलं.

शबाना एकदा गोळ्यांकडे, एकदा भट्टीकडे बघत राहिली. "वल्या हायत ना? मंग लवकर जयनार नाईत," ती म्हणाली आणि तिने पावांसकट अख्खी फळी भट्टीत सरकवली.

मी ओरडलेच. आतून वाफ आली, मग धूर. थोड्या वेळाने तिने फावड्याने फळी ओढून काढली. कडा जळून कोळसा झाल्या होत्या, पण पावांनी अंग धरलं होतं. आता ते अलगद सुटले. तिने ते एकेक करून विटांवर पालथे टाकले आणि खालची बाजू भाजून घेतली. मग दुसरी फळी, तिसरी, चौथी. पहिलीवरचा तो एक बसका सोडला तर सगळे पाव उतरले.

सासऱ्यांनी एक पाव हातात घेतला, उलटा केला, बोटाने ठोकला, वास घेतला. "नीचे से अलग है," ते म्हणाले.

"फळ्या वल्या होत्या, अब्बा," शबाना म्हणाली. माझं नाव तिने घेतलं नाही.

"मी धुतल्या," मी म्हणाले. "चूक माझी आहे. तिने पाव फळीसकट भाजून वाचवले."

त्यांनी पाव पुन्हा एकदा ठोकून पाहिला. मग म्हणाले, "उमर गेली माही या भट्टीवर. फळी आत टाकाची माही हिंमत झाली नसती." बाकी निकाल काही दिला नाही. चहावाले मात्र सगळे पाव घेऊन गेले. एकाने विचारलं, आज धुराचा वास कसा काय मस्त लागून राह्यला?

दुसऱ्या दिवशी सकाळी लेणी पाहिली. दगडात कोरलेले ते थंड खांब सुंदर आहेत. उन्हाच्या आत जा, पाणी सोबत न्या. पण खरं सांगते, माझं अर्धं लक्ष बेकरीतच होतं.

घरी परतल्यावर सुनेच्या स्वयंपाकघरात काही आवरायचं झालं तर मी हल्ली आधी विचारते. तिला याचं फार आश्चर्य वाटतंय. नवीन फळ्यांसाठी मी पैसे देऊ केले होते, ते शबानाने घेतले नाहीत, आणि ते अजून टोचतं.

पंधरा दिवसांनी तिचा फोन आला. "मॅडम, अब्बांची पट्टी निघाली. चांगलं दिसून राह्यलं त्यायले."

मी लगेच विचारलं, "मग? भट्टीवर आले होते?"

"आले ना. एक पाव खाल्ला, चहा पिला, मोबाइलवाल्याचं नावबी नाई काढलं, अन् घरी जाऊन झोपले."