खोबऱ्याला घातलेलं मीठ

"मीठ किती घातलंत?" मी फोनवर जवळजवळ ओरडलोच.

"पाच गोणी," हरिभाऊ म्हणाला. "काय कमी नाय ठेवलं, डाक्टर. जेसीबीनं खड्डा घेतला, नवं कापड घातलं, हार घातला. आता कुत्री नाय उकरायची."

मी शिळफाट्याला गाडी बाजूला घेतली. मोहोपाड्याला एका लॅब्रेडॉरला लस द्यायला निघालो होतो. त्याच्या मालकाला आज जमणार नाही म्हणून कळवलं आणि कडावचा रस्ता धरला. बोलायला तोंड उघडलं असतं तर शिवीच आली असती, म्हणून रेडिओ लावला.

मी जनावरांचा डॉक्टर. या भागात गाई-म्हशी, कुत्री आणि फार्महाउसवाल्यांचे हौशी घोडे बघतो. खोबऱ्या मात्र हौसेचा घोडा नव्हता. कर्जतच्या सुनंदाताई शाळेत विज्ञान शिकवायच्या. रिटायर झाल्यावर त्यांनी कडावला हरिभाऊच्या जागेत एक शेड घातली आणि अपंग मुलांना घोड्यावर बसवायला सुरुवात केली. पहिली स्वार त्यांचीच मुलगी, मनाली. तिला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी. पाय तिचं ऐकत नाहीत, पाठ ताठ राहत नाही. खोबऱ्यावर बसली की पाठ ताठ व्हायची. घोडा चालला की त्याच्या पाठीची लय माणसाच्या कमरेत उतरते आणि न चालणाऱ्या अंगाला चालण्याची सवय लागते. मनाली जरा कलली की तो पांढराशुभ्र गडी आपणहून थांबायचा. दुसरे दोन घोडे आणून पाहिले होते. एकाची पाठ अरुंद, दुसऱ्याची चाल धक्क्याची. ती घसरायची आणि रडायची.

खोबऱ्या म्हातारा व्हायला लागला तशा ताई क्लोनचं विचारायला लागल्या. तो लहानपणीच खस्सी केलेला, त्याच्यापासून शिंगरू होणं शक्य नव्हतं.

क्लोन म्हणजे त्याच जनावराची दुसरी प्रत. एका घोडीचं बीजांड घ्यायचं, त्यातला गाभा काढायचा, तिथे आपल्या घोड्याच्या पेशीचा गाभा बसवायचा आणि तो गर्भ आणखी एका घोडीच्या पोटात वाढवायचा. हे काम परदेशात होणार होतं. इथून द्यायच्या त्या फक्त जिवंत पेशी. मुंबईची एक लॅब त्या वाढवून गोठवून ठेवायला तयार होती. कातडीच्या पेशीही चालतात. पण कातडीची पेशी म्हणजे नोकरीत पर्मनंट झालेला माणूस, आता दुसरं काम शिकणं नाही. छातीच्या हाडातल्या मगजात स्टेम सेल्स असतात. त्यांचं पुढे हाड व्हायचं की कूर्चा व्हायची, अजून ठरलेलं नसतं. अशा पेशी घेतल्या तर शिंगरू धडधाकट जन्मण्याची शक्यता जास्त, असं लॅबवाल्यांचं म्हणणं होतं.

"स्वभाव तोच येईल?" ताईंनी विचारलं होतं.

"त्याची गॅरंटी मी देणार नाही."

"पाठ? चाल?"

"बरीचशी येईल."

"मग बास. बाकीचं आम्ही शिकवू. मी काही कायमची पुरणार नाही, डॉक्टर. घोडा तरी पुरला पाहिजे." कर्जतचा प्लॉट विकायचीही त्यांची तयारी होती.

लॅबचं किट आलं, तसा मी सगळं घेऊन कडावला पोचलो. भूल देण्याचं इंजेक्शन भरत होतो तेवढ्यात हरिभाऊ समोर येऊन उभा राहिला.

"आज नको, डाक्टर. पितरं चालू हायत."

"अरे, मी काय त्याचं लग्न लावतोय?"

"जित्या जनावराच्या छातीत सुई घालायची, ती बी तो मेल्यावर कामाला यावी म्हणून. या पंधरवड्यात असलं अभद्र नाय करायचं."

ताईंनी मला बाजूला नेलं. "माझा यावर विश्वास नाही, तुम्हाला माहीत आहे. पण जागा त्याची, राबणं त्याचं. त्याचं मन कशाला मोडू? घट बसले की घेऊ."

"ताई, घोडा म्हातारा आहे."

"इतकी वर्षं थांबला, आठवडाभर थांबेल."

मी बॅग आवरली.

तो आठवडा संपायच्या आत खोबऱ्याचं पोट धरलं. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे पोटदुखी त्याला फार महागात पडते. मी संध्याकाळी गेलो, नाकातून नळी घालून तेल सोडलं, दुखणं थांबायचं इंजेक्शन दिलं. त्याने लीद टाकली, दोन घास गवतही खाल्लं. आम्ही सगळे हसलो आणि मी घरी आलो. रात्रीतच तो गेला, आणि सकाळी हरिभाऊचा तो मिठाचा फोन.

शेडवर पोचलो तर ताई मनालीच्या व्हीलचेअरशेजारी बसल्या होत्या. रडून दोघींचे चेहरे सुजले होते.

"मला लगेच फोन का नाही केला?" मी हरिभाऊला विचारलं.

"तुमी सांजच्याला दमून गेलेले. म्हटलं, आता गेला तो गेला. झोपू दे डाक्टरला."

जनावर गेल्यावरही थोडा वेळ पेशी जिवंत असतात. तुकडा काढून थंड ठेवला तर दिवसभरही तग धरतात. पण मीठ पाणी ओढून घेतं. कैरीच्या फोडींना मीठ लावलं की त्यांचं काय होतं ते कुठल्याही गृहिणीला विचारा. ताईंना हे सांगावं लागलं नाही. त्यांनी ते वर्षानुवर्षं मुलांना शिकवलं होतं.

"काहीच आशा नाही?" त्यांनी विचारलं.

"छातीच्या हाडाच्या आत कदाचित. आत्ता काढलं तर."

"उकरा."

"बाई, पुरलेलं उकरत नसतात," हरिभाऊ कळवळून म्हणाला. "मानानं ठेवलाय त्याला."

मनाली सावकाश, एकेक शब्द लावत बोलते. "त्याला... दुखेल?"

"नाही गं," मी म्हटलं.

"मग काढा."

हरिभाऊने दुसऱ्या कुणाला फावडं दिलं नाही. स्वतः उकरत होता आणि रडत होता. खड्ड्यात पावसाचं पाणी झिरपून मीठ विरघळलं होतं आणि खोबऱ्या त्या खारट चिखलात पडला होता. मी मगज घेतला, मानेच्या कातडीचा तुकडा घेतला, डबा पॅक केला आणि स्वतः मुंबईला पोचवला.

दसऱ्यानंतर लॅबमधल्या मुलीचा फोन आला. जिवंत पेशी काचेच्या बशीच्या तळाला चिकटतात, मग वाढतात. "सर, एकही चिकटली नाही," ती म्हणाली. "सॉरी." घरातलं जनावर गेल्यावर वाटावं तसं वाटलं.

कडावला जाऊन सांगितलं, तेव्हा ताईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "मी विज्ञान शिकवायचे हो," एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या.

गाडीपाशी हरिभाऊ उभा होता. "डाक्टर, खरं सांगा. मिठानं गेलं का?"

नव्या शिंगराला बांधायला त्याने उन्हाळ्यातच खुंटा ठोकून ठेवला होता, तो मागे दिसत होता.

"नाही रे," मी म्हटलं. "उष्म्यानं. तुझं काही चुकलं नाही."

ताईंनी त्याचं मन राखलं, त्याने माझी झोप राखली आणि शेवटी मीही तेच केलं. मनाली आता घोड्यावर बसत नाही. तिची पाठ पुन्हा वाकायला लागली आहे.

आता कुणी सॅम्पल पुढच्या आठवड्यात घेऊ म्हणालं, तर मी बॅग आवरत नाही. मन मागाहून राखता येतं.