टेस्ट कॉल

हॉलमधला फोन घ्यायला बाबा घाईने उठले, पडले आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. सगळ्या नातेवाइकांना तोच नंबर पाठ. त्यावर आलेला फोन आता बाबांच्या मोबाइलवरही वाजावा, म्हणून तो फोन देणाऱ्या इंटरनेट कंपनीची एक मुलगी आमच्या ठाकुर्लीच्या घरी आली. हेल्मेट दाराशी ठेवून ती पलंगाजवळ जमिनीवरच बसली. मोबाइलमध्ये ॲप टाकताना प्रत्येक बटण तिने बाबांनाच दाबायला लावलं. मग "टेस्ट कॉल करते" म्हणून खाली गेटपाशी गेली.

मोबाइल वाजला. बाबांनी पडल्यापडल्या उचलला.

"हो, येतोय आवाज. तू जेवलीस का गं?"

पलीकडचं ऐकून त्यांनी मला हाक मारली. "अरे, तिला वर बोलव. सकाळपासून उपाशी आहे पोरगी."

ती संकोचत आली, बाबांशेजारी बसून आमटी-भात पोटभर जेवली. निघताना हळूच म्हणाली, "दादा, दिवसभर टेस्ट कॉल करते मी. लोक आवाज येतोय एवढंच सांगतात आणि ठेवतात."

दार लावून मी आत आलो, तर बाबा कल्याणच्या आत्याला फोन लावत होते. पडल्यापासून आपणहून कोणाला फोन करायची त्यांची ती पहिलीच वेळ.