बोरगावची गाठ आणि पहिल्या धारेची

"तुमच्या बायोप्सीला दारूचा वास येतो आहे," नागपूरहून पॅथॉलॉजीच्या मॅडम ट्रंक कॉलवर म्हणाल्या. लाइन खराब होती, म्हणून मी ते वाक्य तीनदा ओरडून खात्री करून घेतली. सौंसरच्या दवाखान्यातल्या निम्म्या पेशंटांनी ते ऐकलं. उरलेल्या निम्म्यांना त्यांनी सांगितलं.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी तिथे लॅब टेक्निशियन. बोरगावच्या अनुसयाबाईंच्या स्तनातली गाठ सर्जन साहेबांनी आदल्या दिवशी काढली होती. ती तपासायची सोय नागपूरला. पद्धत अशी, की गाठ फॉर्मॅलिनमध्ये बुडवायची, बरणी नातेवाइकाच्या हातात द्यायची आणि त्याला बसमध्ये बसवायचं. फॉर्मॅलिन म्हणजे मांस सडू न देणारं औषध. वास असा, की मुडदा उठून खिडकी उघडेल.

ऑपरेशनआधी बाईंनी मला एकच विचारलं होतं. "यंदा संत्र्याची दोनशे कलमं लावली, भाऊ. फळ पाचव्या वर्षी येते. तेवढं पाहाले भेटन का मले?"

उत्तर त्या बरणीत होतं. गाठीतल्या पेशी किती वेगानं दुभंगतात, यावरून रोग पुढे कसा वागेल याचा अंदाज येतो. आणि गाठ एकदाच निघते. नासली तर दुसरी मागवता येत नाही.

बरणी नेली होती बाईंच्या भावानं, श्रावणनं. तो बहिणीच्या खाटेशी बसला होता. त्याला बाहेर काढून विचारलं, तर निघालं की सुरुवात माझ्यापासूनच होती. बरणी लोणच्याची, झाकणाचं रबर गेलेलं. मी वरून चिकटपट्टी लावून वेळ मारून नेली होती. खड्ड्यात बस आदळली, पट्टी सुटली आणि अख्खी बस रडू लागली. एवढे लोक आपल्या गावात मयतालाही रडले नाहीत, असं श्रावणचं म्हणणं. कंडक्टरनं त्याला लोधीखेड्याला उतरवलं. त्यानं फॉर्मॅलिन नालीत ओतलं.

"मग पाणी भरलं?"

"पानी भरलं असतं तं सडली असती ना, बाबूजी. शाळेत सरांनं साप स्पिरिटमंदी ठेवला होता. अजून पोराईकडं पाहून राहिला. माह्या साडभावाची भट्टी लोधीखेड्यालेच हाय. पहिल्या धारेची टाकली. मोहाची, बिनपान्याची."

"तू घेतलीस?"

"जातानी नाही. बहिणीचं काम होतं. येतानी घेतली."

साहेबांनी सगळं ऐकलं. श्रावणनं डोकं लावलं, तुम्ही पट्टी लावली, म्हणाले. रिपोर्ट आणायला नागपूरला मलाच पाठवायचं ठरलं.

आठ दिवसांत माझं वजन दहा किलो उतरलं. वजनकाटा मात्र दोनच दाखवत होता.

नागपूरला मॅडमनी रागवायच्या ऐवजी मला मायक्रोस्कोपपाशी बसवलं. पेशी दुभंगायच्या तयारीला लागली की तिच्यात एक प्रोटीन वाढतं. दारात मांडव दिसला की घरात लग्न आहे हे कळतं, तसं. ते प्रोटीन हुडकणारं नवं औषध मॅडमनी परदेशातल्या मैत्रिणीकडून मिळवलं होतं, अत्तराच्या कुपीएवढं. ते लावलं की मांडव घातलेल्या पेशी तपकिरी दिसायच्या. पण फॉर्मॅलिनमधून आलेल्या एकाही गाठीत रंग धरत नव्हता. फॉर्मॅलिन त्या प्रोटीनवर पडदा टाकत होतं. अल्कोहोल टाकत नाही.

लोधीखेड्याच्या मालानं पहिल्याच फटक्यात रंग धरला होता. मी डोळा लावला. गाव मोठं, पण मांडव मोजकेच.

"गाठ संथ दिसते," मॅडम म्हणाल्या. "पण ही चाचणी नवी आहे, हिच्या एकटीवर मी विसंबणार नाही. नेहमीच्या रंगातही दुभंगणाऱ्या पेशी कमीच आहेत. बाईंची पुढची ट्रीटमेंट पूर्ण करा." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "हे अल्कोहोल अजून मिळेल का?"

मी म्हटलं, श्रावणला पाठवू नका. परत येताना वेळ लागतो.

बाईंची ट्रीटमेंट नागपूरला पूर्ण झाली. पाचव्या वर्षी फळ आलंच नाही. सहाव्या वर्षी आलं. टोपली लॅबच्या टेबलावर ठेवून त्या म्हणाल्या, "उशीर झाडाईनं केला, भाऊ. मी तं टायमावर होती."

तेव्हापासून रिटायर होईपर्यंत बरणी देताना मी दोन गोष्टी सांगत आलो. झाकण उघडायचं नाही. उघडलंच, तर पाणी भरायचं नाही.