शिक्क्याखालचा आकडा

एल्वियोच्या दुकानात नवी पोती दिसली आणि नीवेस दारातच थबकली. लाकडाच्या भुशापासून शेगडीसाठी दाबून केलेल्या कांड्यांची पोती ती. त्यांवर दर्जाचा शिक्का होता, आणि शिक्क्याखाली तिच्या नवऱ्याच्या कारखान्याचा आकडा. शिक्का मिळालेल्या प्रत्येक कारखान्याला असा आपला आकडा असतो. इलारियोच्या आकड्याच्या शेवटी एकोणऐंशी होते. "आता लग्नाचं साल विसरायचीही सोय राहिली नाही," असं तो म्हणायचा.

इलारियोला जाऊन तीन वर्षं झाली होती आणि कारखानाही तेव्हापासून बंद होता. पोती खोटी आहेत हे कळायला कुणा पंडिताची गरज नव्हती, आणि नीवेसने तर अठरा वर्षं तिथे स्वतः पोती भरली होती. तरी तिने दोन विकत घेतली. आम्ही इटलीच्या डोंगरातल्या, कार्नियातल्या बायका व्यवहाराला पक्क्या म्हणवतो, पण माणसाची आठवण आली की सगळं शहाणपण चुलीत जातं. पोती न फोडता तिने स्वयंपाकघरात ठेवली. येताजाता ती त्या आकड्यावर हात फिरवायची.

आठवड्याने शेजारची आल्मा तणतणत आली.

"अगं, तुझ्या इलारियोच्या कांड्यांनी माझ्या शेगडीची वाट लावली. दाराची काच काळीठिक्कर, आणि वास असा की मांजरसुद्धा घर सोडून गेलं."

"त्याचं नाव घेऊ नकोस."

"मी कशाला घेऊ? पोत्यावर आकडा आहे. अख्ख्या गावाला पाठ आहे तो."

ती गेल्यावर नीवेसने पोतं फोडलं आणि मूठभर कांड्या पेलाभर पाण्यात टाकल्या. इलारियो रोज सकाळी पहिलं पोतं भरण्याआधी हेच करायचा. चांगली कांडी बुडते. यातल्या निम्म्या तरंगल्या, आणि त्या विरघळल्या तशा कुठल्यातरी मोडक्या कपाटाच्या चकचकीत कपच्या वर आल्या. हे आता त्याच्या नावावर जळत होतं.

तिने एल्वियोला जाऊन धरलं.

"काकू, मी शिक्केवाल्या कारखान्यांची यादी बघूनच माल घेतला," तो म्हणाला. "यादीत तुमचा कारखाना 'तात्पुरता बंद' आहे. मला वाटलं, तुमच्या भाच्याने पुन्हा सुरू केला."

नीवेसला तोंड वर करवेना. शिक्का देणाऱ्या संस्थेचं दर वर्षी पत्र यायचं आणि दर वर्षी ती 'तात्पुरता' या शब्दापुढे खूण करायची. 'कायमचा' या शब्दापुढे हात धजत नसे. चोराला दार तिनेच उघडं ठेवलं होतं.

तिने पोलिसांना कळवलं. दोघं जण आले आणि त्यांनी खोटी पोती ताब्यात घेतली.

"पडताळायला तुमचा खरा माल हवा, बाई," त्यांतला वयस्कर म्हणाला. "एखादं जुनं पोतं आहे का?"

तळघरात एकच होतं. इलारियोने स्वतः भरलेलं शेवटचं, कडेला त्याने पेन्सिलीने तारीख लिहिलेलं.

"ते मी कधीच फोडणार नव्हते," ती म्हणाली, आणि स्वतःच कात्री घेऊन आली.

पोतं उघडताच ताज्या देवदाराचा वास आला. त्याच्या स्वेटरला यायचा तोच. नीवेसने भिंतीकडे तोंड फिरवलं.

"मला तो परत हवाय हो," ती म्हणाली.

पोलिसाने टोपी काढून हातात घेतली. थोड्या वेळाने दोघांनी मोजक्या कांड्या पिशवीत भरल्या. त्यांच्यासमोरच तिने यंदाच्या पत्रात 'कायमचा' या शब्दापुढे खूण केली.

फोडलेलं पोतं ओल धरतं. रविवारी सकाळी ती ते ओढत आल्माकडे घेऊन गेली आणि शेगडीच्या टाकीत ओतलं.

"हा इलारियोचा माल," ती म्हणाली. "आता बघ."

आल्माने काच पुसून ठेवली होती. तास झाला, दोन झाले, तिच्यावर डाग पडला नाही. "चुकलंच माझं," आल्मा म्हणाली. नीवेस खुर्ची ओढून ज्वाळेसमोर बसली होती, ती उठायचं नाव घेईना. आल्माने काही न विचारता शेगडी अगदी मंद केली, म्हणजे पोतं जास्त वेळ पुरेल.